सम्राटाच्या झग्यावरचा नववा ड्रॅगन

प्रश्न : आमच्या नाटकात छिंग राजवटीतला चिनी सम्राट आहे. झग्यावर नऊ ड्रॅगन असतात म्हणे, पण चित्रांत आठच मोजता येतात. नववा कुठे काढायचा? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : आतून. छाती, पाठ आणि दोन खांदे मिळून चार. खालच्या घेरावर पुढे दोन, मागे दोन. झग्याचा पुढचा भाग उजव्या कुशीकडे येऊन गुंड्यांनी बंद होतो. त्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर नववा. त्यामुळे समोरून पाहा किंवा मागून, ड्रॅगन पाचच दिसतात, आणि नऊ-पाच ही जोडी सम्राटपदाची खूण. दिसत नाही म्हणून तो गाळू नका. प्रत्येक पंजाला नखं पाच.

जास्त गफलत होते ती सम्राटपदाच्या बारा चिन्हांत (सूर्य, चंद्र, तारे, पर्वत वगैरे). चियानलोंग सम्राटाच्या १७५९ च्या नियमावलीपासून ती झग्यावर ठरलेल्या जागी येतात. डाव्या खांद्यावर सूर्य, त्यात तीन पायांचा पक्षी, उजव्या खांद्यावर चंद्र, त्यात औषध कुटणारा ससा (चंद्रातला ससा आपल्याही ओळखीचा!). छातीवर तारे, पाठीवर पर्वत. डावा खांदा म्हणजे घालणाऱ्याचा डावा. चित्र समोर ठेवून कापड बेतलं की नेमकं हेच उलटतं, तेव्हा कापण्याआधी खडूने खूण करा.

रंग झळझळीत पिवळा. जरीचा दोरा मात्र सुईत ओवून कापडातून ओढू नका. मूळ जर म्हणजे सोन्याचा वर्ख लावलेली कागदाची पट्टी रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली. ओढली की वर्ख सोलवटतो. आजच्या जरीचंही तेच होतं. दोन-दोन तारा कापडावर शेजारी ठेवून बारीक रेशमी दोऱ्याने टाचत जा. ड्रॅगनच्या खवल्यांना या कामाने जी झळाळी येते, ती छापील कापडाला कधीच येत नाही.

प्रश्न : चिनी दरबारातलं 'केसी' विणकाम आणि आमची पैठणी एकच का? (येवला)

उत्तर : कूळ एक, सांधा वेगळा. दोन्हींत प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपल्या छोट्या कांडीवरून नक्षीपुरताच जातो आणि मागे फिरतो. पैठणीत शेजारचे बाणे एकमेकांत अडकवून फिरवतात. केसीत तसं अडकवत नाहीत, म्हणून रंगाच्या उभ्या कडेला बारीक फट राहते. कापड उजेडासमोर धरलं की ती दिसते. ही कड लांब आणि सरळ ठेवली तर तिथे कापड उघडं पडतं. म्हणून कारागीर ती दर काही बाण्यांनंतर एखाद-दोन ताण्यांनी (उभ्या धाग्यांनी) सरकवत नेतात. ताणा कच्च्या रेशमाचा, ताठ. बाणा उकळून मऊ केलेला, त्यामुळे तो दाबून बसतो आणि ताण्याला पुरता झाकतो.