ऑइल खाणाऱ्या टिप्परचं इंजिन बोअर करावं की दुसरं टाकावं?

तुम्ही म्हणताय टिप्पर निळा धूर मारतो, ऑइल खातो, मिस्त्री म्हणतो इंजिन पूर्ण खोला आणि मित्र म्हणतो भंगारातलं दुसरं टाक, स्वस्तात पडेल. तुमचा मित्र आमच्या भावोजींसारखाच दिसतो, म्हणून लिहायला बसलो.

मी गोव्यातला, डिचोलीकडचा. आमची गाडी खनिजावर होती, मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ती दोन पावसाळे दारात उभी, सायलेन्सरचं तोंडही कोणी झाकलं नाही. मग चिरे (बांधकामाचे दगड) वाहायला काढू म्हणून सेल्फ मारला तर इंजिन जाम. कमिन्सचं सहा सिलिंडर, ५.९ लिटर. हेड काढलं तर दोन सिलिंडरांत गंज. मिस्त्री म्हणाला, ब्लॉक चांगलाय, बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडे मोठे कापून, ओव्हरसाइझ पिस्टन टाकू, क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो शाफ्ट) अजून ग्राइंडिंगचा हातसुद्धा लागलेला नाही. भावोजी म्हणाले, कशाला त्यात पैसे ओततोस, माझ्या ओळखीत मोडीत काढलेल्या गाडीचं चालू इंजिन आहे, निम्म्यात मिळेल. बहिणीचा नवरा, नाही कसं म्हणणार!

चालू करून दाखवलं, आवाज एकदम छान. चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवून आत कोणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही. सात महिन्यांनी चोर्ला घाटात, गाडी भरलेली, ऑइल प्रेशरचा काटा खाली आणि ठक ठक ठक. खोललं तर क्रँक आधीच कोणीतरी ग्राइंड करून पाऊण एमएम उतरवलेली आणि त्यावर बेअरिंग फिरलेलं. शेवटी पत्र्याखाली ठेवलेला माझा जुना ब्लॉक लेथवर नेला, तो अर्धा एमएम बोअर केल्यावर साफ झाला, तेच इंजिन आजही चालतंय. भावोजी मात्र दर चवथीला म्हणतात, तूच ऑइल बदललं नसणार. बदललं होतं, बिलं आहेत माझ्याकडे.

तर तुमचं. आधी ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून धूर-वाफ जोरात बाहेर येते का, ते बघा, टर्बोचा पाइप काढून त्यात ऑइल आहे का तेही बघा, कधी कधी टर्बोच ऑइल फेकतो आणि लोक इंजिन खोलून बसतात. खोलायचंच असेल तर भाव ठरवायच्या आधी बोअर आणि क्रँक मापून घ्या. माप बसत असेल तर स्वतःचंच इंजिन करा, पण नुसत्या रिंगा टाकून धूर बंद करायला जाऊ नका, घासलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टिकत नाहीत.

हां, ब्लॉकला तडा असेल किंवा मेन बेअरिंगची लाइन गेली असेल, म्हणजे क्रँक बसते त्या जागा एका रेषेत राहिल्या नसतील, तर हट्ट नको, बिलासकट हाफ इंजिन (हेडशिवाय ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन) घ्या. आणि माझं सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं आहे, तुमची कॉमन रेल (नवीन, कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारी) असेल तर इंजेक्टरचा हिशोब वेगळा धरा. दुसरं इंजिन टाकलंच तर आरटीओत इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. भावोजी म्हणाले होते कोण बघतो, आणि सात महिने केरीचा तपासणी नाका आला की माझ्या पोटात गोळा यायचा.