पत्रा काढला, वायरी भाजल्या

प्रश्न : आमची ओम्नी १९९७ ची, कार्बोरेटरची आहे. नंतर एलपीजी किट बसवलं. मी जेवणाच्या ऑर्डरी पोचवते आणि महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूरला माल भरायला येते. मे महिन्यात सीटखालून खडखड यायची, म्हणून मेकॅनिकने तिथला एक पत्रा काढून टाकला. आवाज गेला. पण पाऊस सुरू झाल्यापासून गाडी घाटात मिसिंग मारते, सकाळी चालू व्हायला रडते, गॅसवर तर धक्के जास्तच. प्लग दोनदा बदलून झाले. आता मेकॅनिक म्हणतो, हेड उतरवून बघू. काय करू? (एक वाचक, देवरुख)

उत्तर : ताई, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, सध्या हात लावू देऊ नका. तुम्ही पत्र लिहिताना पत्र्याची गोष्ट सहज सांगून टाकलीत, पण माझा संशय तिथेच जातो.

तो पत्रा म्हणजे एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीची, हीट शील्ड; आच अडवणारा आडोसा. ओम्नीचं इंजिन तुमच्या सीटखाली, एका बंद पेटीत. १९८४ साली ही गाडी 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि २०१९ साली बंद झाली, पण ती मांडणी शेवटपर्यंत तशीच राहिली. त्या पेटीत जागा इतकी कमी की प्लगच्या वायरी एक्झॉस्टपासून फार लांब नेताच येत नाहीत. मधे तो पत्रा आणि त्याच्यामागे बोटभर हवा असते, म्हणून वायरी वाचतात. पत्रा गेला की वायर रोज शेकोटीला बसते. वरचं रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. कोरड्या उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही. कोकणात पाऊस लागला, त्या चिरांत दमट हवा शिरली, की प्लगला जायची ठिणगी वाटेतच इंजिनच्या लोखंडावर उडी मारते. तुमचे नवे प्लग चांगलेच असतील, पण त्यांच्यापर्यंत पोचतंय काय?

घाटातच का? तर चढाला पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅसला पेट्रोलपेक्षा अजून थोडं जास्त लागतं. सपाटीवर, पेट्रोलवर कशीबशी निभावणारी वायर घाटात, गॅसवर उघडी पडते. माझ्याकडे गॅसच्या गाड्या यायच्या, 'किट खराब आहे' म्हणत. त्यातल्या किती तरी गाड्यांचं किट ठणठणीत असायचं.

खात्री घरीच करा. रात्री अंगणात गाडी उभी करा, घरातलेही दिवे बंद. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, लाईनमधला गॅस संपू देऊन गाडी पेट्रोलवर घ्या, दारं उघडी ठेवा. गॅसचा किंवा पेट्रोलचा जराही वास आला तर हा प्रयोग करूच नका. सीट उचला, इंजिन नुसतं चालू ठेवा आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो त्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. वायर गेली असेल तर अंधारात निळे किडे वळवळल्यासारखे दिसतील, बारीक टक्‌टक्‌ ऐकू येईल आणि इंजिन अडखळेल. हात मात्र लांब ठेवा. तिथे १५-२० हजार व्होल्ट खेळत असतात. एकदा बसलेला झटका मला अजून कोपरापर्यंत आठवतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना अंगणातच येऊ देऊ नका.

वायरी चार आहेत हे मेकॅनिकला आठवण करून द्या. तीन प्लगच्या आणि चौथी कॉइलपासून (ती जास्त व्होल्टेज तयार करते) डिस्ट्रिब्युटरपर्यंतची (तो ते एकेका प्लगला वाटतो). ही चौथी नेहमी विसरली जाते, आणि तीच गेली तर तिन्ही सिलिंडर उपाशी. रोध मोजायचा मीटर असेल तर आकडे पाठ करायची गरज नाही. वायरी एकमेकींशी ताडून बघा. लांब वायर थोडा जास्त रोध दाखवणारच. पण एखादी बाकीच्यांच्या तिप्पट दाखवत असेल किंवा मीटर हलतच नसेल, तर ती गेली. बदलताना मात्र चारही एकदम घ्या, सगळ्यांनी एकच आच खाल्ली आहे.

काम थंड इंजिनवर. एक वायर काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मगच दुसरीला हात. चारही एकदम उपटून ठेवल्या की पुढे कोडं सोडवत बसावं लागतं. या तीन सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी पडायचा क्रम १-३-२. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी चालू होणार नाही, नाहीतर फटाके वाजवेल. वायर धरून ओढायची नाही; रबरी टोपी धरून आधी थोडी पिळायची, मग ओढायची. जुनी टोपी आतून बघा. हिरवट पांढरा थर किंवा केसासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच पळत होती. नव्या टोपीत नखाएवढं सिलिकॉन ग्रीस लावा. गॅरेजमधलं चाकाचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

प्लग काढलेच तर परत बसवताना थेट पाना लावू देऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे एकदा गेले की मग खरंच हेड उतरवावं लागेल. आम्ही पेट्रोलच्या जुन्या पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर खोचायचो आणि त्याने प्लग फिरवत आत घालायचो. आटा वाकडा लागला तर पाइप नुसताच गरगर फिरतो, जोर लागतच नाही. शेवटी पान्याने आवळायचं.

आता पत्रा. हे पाप मीही केलंय. उद्यमनगरात गॅरेज टाकलं त्या काळात खडखडणारा पत्रा म्हणजे आमच्या लेखी बिनकामाचा. गंजलेला बोल्ट तुटायचा, पत्रा भंगारात जायचा, गिऱ्हाईक खूश. एका मंडपवाल्याची व्हॅन अशीच शांत करून दिली. पाच-सहा महिन्यांनी तो वायर घेऊन आला आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. एका बाजूने वायर डांबरासारखी चकाकत होती, वाकवली तर पापडासारखी मोडली. सीटच्या फोमलाही करपट वास येत होता. तेव्हापासून मी पत्रा टाकला नाही.

तुमचा पत्रा मेकॅनिककडे पडला असेल तर परत मागा. नसेल तर भंगारातल्या ओम्नीचा मिळतो. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. भोकं गंजून मोठी झाली असतील तर खडखड त्याचीच असते. मोठे जाड वॉशर घाला, आवाज बंद. पत्रा एक्झॉस्टला टेकता कामा नये, मधे हवा राहिलीच पाहिजे. नव्या वायरी क्लिपांमध्ये बसवा. काळी टेप गुंडाळून मात्र कुणी देत असेल तर नको म्हणा, ती गरमीत चिकट होऊन घसरते.

एवढं करूनही मिसिंग राहिलं तर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर बघा, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. त्याला हेड उतरवावं लागत नाही, प्लगच्या भोकात गेज लावलं की झालं.

प्रश्न : दुकानदार लाल रंगाच्या 'रेसिंग' वायरी घ्या म्हणतो, पिकअप वाढेल म्हणे. घेऊ का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : पिकअप वाढणार नाही, गेलेला तेवढा परत येईल, आणि तो साध्या वायरींनीही येतो. सिलिकॉनचं वेष्टन असेल तर दोन पैसे जास्त द्या, उष्णतेला ते टिकतं. जुन्या वायरी पिशवीत घालून दुकानात न्या आणि काउंटरवर नव्यांच्या शेजारी धरून लांबी मापा. आखूड वायर ताणून बसते, लांब वायर लोंबून एक्झॉस्टवर पडते.