ब्रिटनमधले भारतीय पुढे आणि पाकिस्तानी मागे, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतीय आणि पाकिस्तानी एकाच मातीतले, साधारण एकाच काळात ब्रिटनला गेले. मग आज भारतीय डॉक्टर-आयटीवाले आणि पाकिस्तानी टॅक्सीवाले, असं का? धर्मामुळे की मेहनत कमी पडली म्हणून?

मी तेरा वर्षं लीड्सला राहतो. पाकिस्तानी वस्तीचं ब्रॅडफर्ड इथून पंधरा किलोमीटरवर, तिथे रोजचं जाणं-येणं. त्याआधी दीड वर्ष गुजराती वस्तीच्या लेस्टरला काढलं. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या जवळून पाहिल्यात.

आधी आकडे, कारण तुमचं निरीक्षण खोटं नाही. 2018च्या सरकारी आकड्यांत भारतीय वंशाच्या नोकरदारांची तासाची मध्यक कमाई 13.47 पौंड होती, गोऱ्या ब्रिटिशांची 12.03, बांगलादेशी वंशाच्यांची 9.60. पाकिस्तानी त्याच तळाच्या बाजूला. 2016 ते 18च्या पाहणीत इंग्लंडमधल्या भारतीय कुटुंबांपैकी 74 टक्के स्वतःच्या घरात राहत होती, गोऱ्या ब्रिटिशांपैकी 68, पाकिस्तान्यांपैकी 58. हा शेवटचा आकडा बरा वाटतो, पण ब्रॅडफर्डमधलं चाळीसारखं एकाला एक चिकटलेलं दगडी घर आणि लंडनमध्ये भारतीयांची वस्ती असलेल्या हॅरोमधलं घर यांच्या किमतीत काही पट फरक आहे. दोघंही 'घरमालक'च.

गडबड तुमच्या 'एकाच मातीतले, एकाच काळात' या शब्दांत आहे.

लीड्स स्टेशनवरून रात्री उशिरा घरी यायचं झालं की मी एका ठरावीक टॅक्सीवाल्याला फोन करतो. पन्नाशीचा माणूस, जन्म ब्रॅडफर्डचा, गाव पाकव्याप्त काश्मिरातलं मीरपूर. एकदा सिग्नलला थांबलो असताना त्याने मोबाइलवर फोटो दाखवला: तलावाचं पाणी ओसरलेलं, भेगाळलेला गाळ आणि त्यात उभी एक जुनी दर्ग्याची इमारत. "भाईसाहब, ये हमारा पुराना शहर है. सर्दियों में निकल आता है." झेलमवरचं मंगला धरण 1967 साली पूर्ण झालं. त्यात जुनं मीरपूर आणि आसपासची गावं बुडाली, एक लाखाहून जास्त माणसं उठली. आपल्याकडे कोयनेची नाहीतर उजनीची माणसं उठली तशीच. फरक एवढाच, की मीरपूरच्या अनेकांना ब्रिटनमध्ये कामाचे परवाने मिळाले आणि तिथे त्यांचे चुलते-मामे आधीच पोचलेले होते. ते कसे पोचले? मुंबईमार्गे. इंग्रजांच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींच्या भट्टीत कोळसा टाकायला मीरपूरची पोरं असायची. त्यातली काही ब्रिटनच्या बंदरांवर उतरली ती तिथेच राहिली.

आज ब्रिटनमधल्या पाकिस्तान्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक या एका डोंगराळ पट्ट्यातले आहेत. लाहोर-कराचीचे शिकलेले लोक त्यांच्याकडे आपण शहरी माणसं दुर्गम खेड्याकडे बघतो तसंच बघतात. म्हणजे तुलना भारत आणि पाकिस्तानची होतच नाहीये. पाकिस्तानच्या बाजूने एक गरीब तालुका उभा आहे.

आणि त्यांना काम कसलं मिळालं, तर लोकरीच्या गिरण्यांची रातपाळी. युद्धानंतर गिरण्यांनी नवी महागडी यंत्रं घेतली, ती चोवीस तास चालवल्याशिवाय परवडत नव्हती. बायकांना रातपाळीला ठेवायला कायद्याने बंधनं होती आणि गोरे पुरुष त्या पगारात रात्री यायला तयार नव्हते. मग आले मीरपुरी. माझ्या टॅक्सीवाल्याचे वडील बारा-बारा तास लोकर विंचरायच्या खात्यात होते. खात्यात सगळे एकाच गावचे, मुकादमही आपलाच, खोलीत एकाच अंथरुणावर दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला झोपणार. आपल्या गिरणगावातल्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा माणसाला वीस वर्षांत इंग्रजीची गरजच पडली नाही. आणि सत्तरच्या दशकात गिरण्या बंद पडायला लागल्या तेव्हा हातात ना भाषा, ना दुसरं कसब. मग टॅक्सी, टेकअवे, कोपऱ्यावरचं दुकान. 'मेहनत कमी पडली' हे त्या वडिलांसमोर बोलायची माझी तरी हिंमत नाही.

त्यात 1962चा कायदा आला. तोपर्यंत राष्ट्रकुलातला माणूस ब्रिटनला मोकळेपणाने ये-जा करू शकत होता. थोरला भाऊ चार वर्षं राबून परत जायचा, मग धाकटा यायचा. दार बंद होणार म्हटल्यावर सगळे घाईने आत आले, आणि एकदा बाहेर गेलं तर परत येता येणार नाही म्हणून राहिले आणि पुढे बायका-मुलं आणली. गर्दी थांबवायला केलेल्या कायद्याने पाहुण्यांना कायमचे रहिवासी केलं.

आता दुसरी बाजू. लेस्टरला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो त्या काकू गुजराती, युगांडातल्या जिंजा गावच्या. 1972च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. साधारण 27-28 हजार माणसं ब्रिटनला आली, सोबत पन्नास-एक पौंड न्यायची मुभा. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की तुमच्या हिताचं म्हणून सांगतो, आमच्या गावात येऊ नका. (तेच लेस्टर आता बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी मिरवतं.)

काकू दर महिन्याला भाडं घेताना लाल कापडी बांधणीची वही काढायच्या आणि गुजरातीत नोंद करायच्या. मी बँकेतून पैसे पाठवायचो, तरी नोंद व्हायचीच. त्यांच्या यजमानांचं जिंजात कापडाचं दुकान होतं, लेस्टरमध्ये पहिलं काम मिळालं ते गोदामात खोकी भरण्याचं. काकू स्वतः होजिअरीच्या कारखान्यात तुकड्यावर कॉलर शिवायच्या. दुकान गेलं, पैसा गेला. पण इंग्रजी शाळेत शिकलेले होते, हिशेब येत होता, माल उधारीवर कसा उचलायचा हे माहीत होतं, आणि कुटुंब पहिल्या दिवसापासून सोबत होतं. घरात दोन पगार आले. सहा वर्षांत त्यांनी पेपर-सिगारेटचं दुकान घेतलं. एका पिढीपुरतं घसरलेले मध्यमवर्गीय होते ते. असा माणूस वर येतो तेव्हा त्याला 'शून्यातून उभं राहणं' म्हणतात. ते थोडं फसवं आहे.

सगळं गोडगोड होतं असंही नाही. लंडनच्या ग्रनविक कारखान्यात 1976 साली साडी नेसून संपावर उभ्या राहिलेल्या जयाबेन देसाई याच पूर्व आफ्रिकामार्गे आलेल्या गुजराती. दोन वर्षं लढून तो संप हरला.

भारतीयांची सरासरी वर जायचं आणखी एक कारण म्हणजे मी. हसू नका. 2000 नंतर कौशल्याच्या व्हिसावर माझ्यासारखे हजारो आले: पदवी आहे, इंग्रजी येतं, पगार अमुक एवढा आहे, हे दाखवल्याशिवाय विमानतळाच्या बाहेर पाऊल पडत नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीला शंभर-सव्वाशे माणसं जमतात. आयटी, डॉक्टर, एखादा सीए. बसचालक एकही नाही. आम्ही चाळणीच्या वर राहिलेले लोक आहोत आणि दरवर्षी अशी नवी भर 'भारतीय' या रकान्यात पडते. मोदकाचं ताट हातात घेऊन "आपली माणसं बघा कशी प्रगती करतात" म्हणणाऱ्याला मी विचारतो, आपल्या गावातला शेतमजूर इथे आलाय कुठे?

धर्माचं म्हणाल तर भरूच-सुरतकडचे गुजराती मुसलमान ब्लॅकबर्न, बॅटली, ड्यूसबरी या गिरणीगावांत स्थायिक झाले. रकान्यात ते भारतीयच, पण गिरण्या बंद पडल्यावर त्यांची गत शेजारच्या पाकिस्तान्यासारखीच झाली. उलट अमेरिकेत जा. तिथले पाकिस्तानी 1965च्या स्थलांतर कायद्यानंतर मुख्यतः शिक्षणाच्या जोरावर गेलेले, त्यात डॉक्टर भरपूर, आणि त्यांचं कुटुंबाचं उत्पन्न अमेरिकी सरासरीच्या वर आहे. धर्म तोच, देश तोच, चाळणी वेगळी.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर गोवेकर घ्या. नैरोबी-कंपालात सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे गोवेकर साठ-सत्तरच्या दशकात ब्रिटनला आले, त्यांची मुलं वकील-शिक्षक झाली. एक गृहमंत्रीसुद्धा झाली: सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील केनियातले गोवेकर. आणि अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टवर सासष्टी-बार्देशमधून थेट स्विंडनला गेलेले गोवेकर गोदामांत पाळ्या करतात. भाषा तीच, चर्च तेच, आडनावंही तीच.

मग संस्कृतीचा काहीच हात नाही का? आहे, आणि तो झाकायचं कारण नाही. काकू पहिल्याच वर्षी कारखान्यात गेल्या, मीरपुरी बायका बहुतेक घरातच राहिल्या, आणि एका पगारात चार-पाच मुलं म्हणजे ओढाताण ठरलेली. शिवाय लग्नं नात्यात. ब्रॅडफर्डमध्ये 2007 ते 2010च्या दरम्यान बाळंत झालेल्या पाकिस्तानी वंशाच्या आयांपैकी 62 टक्क्यांचं लग्न सख्ख्या किंवा दूरच्या चुलत-आते-मामे भावंडांत झालेलं होतं. आजारांची चर्चा खूप होते, मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: नवरा किंवा बायको गावाहून आली की आई-बापांतला एक जण पुन्हा नव्याने आलेला, पुन्हा इंग्रजी शून्यापासून. पण 2016-19च्या पाहणीत तेच प्रमाण 46वर आलं. आणि पाकिस्तानी मुली आज गोऱ्या मुलींपेक्षा जास्त प्रमाणात विद्यापीठात जातात. जी गोष्ट दहा वर्षांत एवढी हलते तिला रक्तातली म्हणता येत नाही.

बांगलादेश्यांचं तर फारच बोलकं आहे. सिल्हेटचे खलाशी, नंतर रेस्टॉरंटवाले, पाकिस्तान्यांहून गरीब. लंडनमध्ये त्यांची सगळ्यात मोठी वस्ती टॉवर हॅम्लेट्सची, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या शाळा देशातल्या 149 शिक्षण मंडळांत 149व्या होत्या. मग शाळांवर पैसा ओतला, चांगले शिक्षक आणले, लंडनसारखं कामाने भरलेलं शहर दाराशी होतंच. आज दहावीच्या पातळीवर बांगलादेशी मुलं गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या सरासरीच्या पुढे आहेत. पालकांचा धर्म, गाव, शिक्षण काहीच बदललं नव्हतं. ब्रॅडफर्डला ना तसं शहर मिळालं, ना तशा शाळा.

ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरले. त्यांचे वडील केनियात जन्मलेले डॉक्टर, आई टांगानिकात (आजच्या टांझानियात) जन्मलेली फार्मासिस्ट. त्याआधी सुनक अर्थमंत्री होते, आणि त्या पदावर त्यांच्या आधी होते साजिद जाविद, रॉचडेलच्या गिरणीत राबून पुढे बसचालक झालेल्या पाकिस्तानी माणसाचा मुलगा. किती अंतर कापलं याचा हिशेब कोणीच फॉरवर्ड करत नाही.

शिकल्यावर तरी मैदान सारखं होतं का? ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजच्या अभ्यासकांनी खोटे अर्ज पाठवून पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2019मध्ये आले. पात्रता तीच, फक्त नाव-मूळ वेगळं. एका होकारासाठी पाकिस्तानी वाटणाऱ्या अर्जदाराला गोऱ्यापेक्षा 70 टक्के जास्त अर्ज करावे लागले.

त्या टॅक्सीवाल्याची मुलगी गेल्या वर्षी अकाउंटिंग शिकून बाहेर पडली. "आप ऑफिस वाले हैं, ज़रा देख लीजिए," म्हणून त्याने तिचा सीव्ही मला पाठवला. सीव्ही माझ्या पहिल्या सीव्हीपेक्षा चांगला होता. फक्त वर पत्ता नव्हता. मी फोनवर विचारलं तर ती म्हणाली, ब्रॅडफर्डचा तो पिनकोड बघितला की लोकांना सगळं कळतं, नाव तर आहेच, निदान पत्ता तरी नको. मी म्हटलं लिही, लपवल्यासारखं दिसतं. तिने "हो" म्हटलं खरं, पण माझ्या सीव्हीवर माझा पत्ता कधीच नव्हता, आणि तो का नाही असं मला तेरा वर्षांत कोणी विचारलेलं नाही.