गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना चालेल का?

प्रश्न : गाईंसाठी आणलेले खनिज मिश्रण मी मेंढ्यांनाही देतो. त्यातील तांबे त्यांना बाधते, असे ऐकले. रक्त तपासून शंका मिटेल का?

उत्तर : ते मिश्रण मेंढ्यांना देणे कृपया आजच थांबवा. खाद्यातून शोषलेले तांबे यकृतात साठते आणि जास्तीचे पित्तावाटे बाहेर पडते. गाईचे यकृत हे काम बऱ्यापैकी करते, मेंढीचे मात्र फारच मंदपणे, त्यामुळे तिच्या यकृतात तांबे महिनोन्‌महिने साचत राहते. साधारणतः एक किलो कोरड्या खाद्यात ४० मिलिग्रॅमपर्यंत तांबे गाईला सोसते, मेंढीला १५ च्या पुढे धोका असतो. त्यातही खाद्यात मॉलिब्डेनम (एक खनिज) आणि गंधक कमी असेल तर धोका वाढतो, कारण हे दोन्ही पोटात तांब्याला बांधून त्याचे शोषण रोखतात.

रक्ततपासणीवर विसंबू नका. यकृत भरत असताना रक्तातील तांबे सामान्यच दिसते. पुढे वाहतूक, उपासमार किंवा अन्य ताणाने यकृताच्या पेशी फुटल्या की सारा साठा एकाएकी रक्तात उतरतो, तांबड्या पेशी नष्ट होतात, कावीळ होते, लघवी गडद लालसर होते आणि मेंढी एक-दोन दिवसांतही दगावू शकते. यकृतातील विकरांची (एन्झाइम्सची) रक्तातील वाढ मात्र काही आठवडे आधी दिसू शकते, म्हणून पशुवैद्यकांकडून तीच तपासणी करून घ्या. मेंढ्यांसाठी तांबे न मिसळलेले मिश्रण घ्यावे.