आधी पंगतीत बस, मग लिही

पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही, म्हणून हे लांबलचक लिहितेय. तुझे गाईड म्हणतात शीख धर्म म्हणजे भक्ती चळवळ आणि इस्लामचं मिश्रण, तिथून सुरू कर. तुझी पंजाबी रूममेट म्हणते असं लिहिलंस तर माझ्याशी बोलू नकोस. आणि तू मला विचारतेस, बाई, चॅप्टरमध्ये नक्की काय लिहू.

काहीच लिहू नकोस. आधी नांदेडला ये आणि गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये, सगळ्यांच्या एकत्र जेवणात, खाली बसून जेव.

टाळाटाळ करतेय असं वाटेल तुला, पण ती "मिश्रण"वाली नोट मी स्वतः बारा वर्षं वर्गात डिक्टेट केलीये. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यापासून चालत वीस मिनिटांवर राहून. तिसऱ्या बाकावर इथल्याच दखनी शीख घरातला एक मुलगा बसायचा, निळा पटका, सुंदर अक्षर. त्यानं परीक्षेत ते वाक्य मी सांगितलं होतं तसंच्या तसं उतरवलं आणि मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. स्वतःच्या घराबद्दल चुकीचं लिहायचे मार्क. एकदाही विचारलं नाही की बाळा, तुमच्याकडे हे असंच सांगतात का रे.

म्हणून सांगते, आधी खाली बस. तिसरे गुरू अमरदास यांच्या पंजाबातल्या गोइंदवालला नियमच होता, पहिले पंगत, पाछे संगत. आधी सगळ्यांसोबत जमिनीवर जेवायचं, मगच गुरूंची भेट. अकबर बादशहा आला तेव्हा तोही पंगतीत बसला असं परंपरा सांगते. पंगत शब्द तर आपलाच आहे गं, पण आपल्याकडे पंगतीत कोणी कुठं बसायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं यावरून काय काय झालंय ते मी तुला सांगायला नको.

आणि आपले नामदेव! गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत, हे तू पाठ केलं असशील. पण त्यातलं राग भैरोतलं एक पद उघडून बघ. नामदेव म्हणतात, हसतखेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो, तर "पकरि उठाइआ", मला धरून उठवलं. मग ते देवालाच विचारतात, छिप्याच्या, म्हणजे कापड छापणाऱ्याच्या, जन्माला मी आलोच कशाला? मग देऊळच त्यांच्याकडे फिरलं. आपण ते देऊळ औंढा नागनाथचं म्हणतो, म्हणजे नांदेडहून दीड-दोन तासांवर. ज्या माणसाला बसल्या जागेवरून उठवलं त्याचे शब्द पाचव्या गुरूंनी, अर्जनदेवांनी, 1604 साली ग्रंथात घेतले, कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासोबत, आणि आज त्या शब्दांपुढे सगळे माथा टेकतात. मिश्रणात कोणी असं करत नाही. हा निर्णय आहे. कोणाला उठवायचं नाही, हा.

आता तुझा दुसरा प्रश्न, की नानकांचा शांत धर्म तलवारीपर्यंत कसा आला. दोन वेगळे धर्म असल्यासारखं का मांडतेस? 1606 मध्ये जहांगीरच्या काळात लाहोरला अर्जनदेवांचा छळ करून जीव घेतला, त्यानंतर त्यांच्या मुलानं, हरगोबिंदांनी, मीरी आणि पीरीच्या, म्हणजे ऐहिक सत्तेच्या आणि अध्यात्माच्या, दोन तलवारी धारण केल्या. 1675 मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात तेगबहादूरांचं शीर उतरवलं, काश्मिरी पंडितांच्या बाजूनं उभे राहिले म्हणून. जे जानवं नानकांनी लहानपणी घालायला नकार दिला, त्याच जानव्यासाठी नववे गुरू गेले! दुसऱ्याला त्याच्या जागेवरून उठवू देणार नाही, मला त्याची रीत पटत नसली तरी. हे कळलं की खालसा स्थापन झाला ती 1699 ची वैशाखी आपोआप कळते.

त्या दिवशी आनंदपूरला दहाव्या गुरूंनी, गोविंदसिंहांनी, शीर मागितलं आणि पाचजण उठले. पाच ककार सगळे लिहितात, केस, कंगवा, कडं, कच्छा, किरपाण, तूही लिही. पण ते पाचजण कोण होते ते बघ ना! लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणी भरणारा, द्वारकेचा मोहकमचंद आणि आपल्या शेजारच्या बीदरचा साहिबचंद न्हावी. मोहकमचंद कोण? छीपा. नामदेवांनी जो जन्म देवाला विचारला तोच. पाचही जणांनी एकाच लोखंडी भांड्यातलं अमृत घेतलं आणि मग गुरूंनी हात जोडून त्यांच्याकडूनच अमृत मागितलं.

1708 मध्ये याच गोविंदसिंहांनी इथं गोदावरीकाठी देह ठेवला आणि सांगितलं की यापुढे ग्रंथच गुरू. म्हणून त्याची 1430 पानं म्हणजे "अंग", रात्री त्याला सुखासन, म्हणजे निजवणं, पहाटे प्रकाश, म्हणजे पुन्हा उघडणं. तुझ्या चॅप्टरमध्ये "पवित्र पुस्तक" लिहिलेलं दिसलं तर मी पुढे वाचणार नाही, आधीच सांगते.

आणि नुसतं गोडही लिहू नकोस. पंजाबात काही गावांत आजही जातीजातींचे वेगळे गुरुद्वारे आहेत, ते लिही. नियम मोडला जातो हे सांगायला आधी नियम माहीत पाहिजे, आणि तो वाचून नाही कळत, गुडघे दुखेपर्यंत खाली बसून कळतो. लोक म्हणतात बाई हल्ली कुठलाही विषय लंगरवर आणतात. आणते. बारा वर्षं पुस्तकावर विश्वास ठेवून बघितलाय मी, आता माझ्या गुडघ्यांवर ठेवते.

मी पहिल्यांदा पंगतीत बसले ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. परशादा घ्यायला एक हात पुढे केला, तर वाढणारा थांबला, हळूच म्हणाला, "बाई, दोन्ही हात." वर बघितलं तर तोच. पटका आता केशरी, दाढी आलेली. मी दोन्ही हात पुढे केले, त्यानं रोटी ठेवली, "वाहेगुरू" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे गेला. मला त्याला त्या नोटबद्दल बोलायचं होतं. घशात घास होता, बोलले नाही. त्यालाही आता किती वर्षं झाली.

येताना ओढणी आण, डोकं झाकायला लागतं, आणि वही घरी ठेव. अजूनही रविवारी दुपारी तो वाढायला असतो. तू शेजारी बसलीस तर या वेळी बोलेन म्हणते.

तुझी,
बाई