रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ लिहिलंय, आता काय?

प्रश्न : मोटारसायकल चोरीच्या संशयावरून धाकट्या भावाला उचललं. कबुलीसाठी दोन रात्री तळपायांवर पट्ट्याने मारलं, तिसऱ्या दिवशी अटक दाखवली. आठवड्यापूर्वी जामीन झाला. लंडनचा मामेभाऊ म्हणतो, थेट हेगच्या कोर्टात जा. जाता येईल का?

उत्तर : नाही. हेगच्या फौजदारी न्यायालयाच्या करारात भारत सामीलच नाही. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन मात्र आजही नाही. साखरपुडा झाला, लग्न राहिलं. मामेभाऊ अगदीच चुकीचा नाही म्हणा. सरकारी माणसाने जगात कुठेही केलेल्या छळाचा खटला ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने चालू शकतो. अफगाण टोळीप्रमुख झरदादला २००५ मध्ये लंडनच्या कोर्टाने अशीच २० वर्षं दिली. पण तो लंडनमध्येच राहत होता. तुमचे फौजदार तिकडे कशाला जातील?

मला काळजी आहे ती रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची. रिमांडला मॅजिस्ट्रेट विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” मागे तोच हवालदार उभा असतो. भाऊ “नाही” म्हणाला आणि तसं लिहिलं गेलं, असं तुम्ही कळवलंय. त्याने दार बंद होत नाही. पण तेव्हा का बोललो नाही, हे भावाने आता प्रतिज्ञापत्रावर सांगायला हवं. रोजनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल काढा. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीची प्रतही मागा, बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ५३ ने तो त्याचा हक्क आहे. त्यात जखमा नोंदलेल्या नसतील तर नवल नाही, तळपायाच्या माराचे वळ फार टिकत नाहीत. म्हणून आजच सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढा. कशाने मारलं, टाच टेकवता येते का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा अर्जही आजच द्या आणि पोच घ्या. नंतर ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलंच.

कबुलीसाठी इजा करणं हा बीएनएस (गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा) कलम १२० खाली गुन्हा आहे. ठाण्यात लेखी तक्रार द्या. घेतली नाही तर एसपींना, तिथेही दाद नाही तर मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस कलम १७५ खाली अर्ज. समोरचा वकील ‘सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी कुठे?’ असा मुद्दा काढणारच. कोठडीत पट्टा चालवणं हे कर्तव्य नव्हे, हा युक्तिवाद तयार ठेवा. मंजुरी लागलीच, तर १२० दिवसांत सरकारने निर्णय न घेतल्यास ती मिळाली असं आता धरलं जातं.

भरपाईसाठी उच्च न्यायालय. तुम्हाला हवा तो आंतरराष्ट्रीय कायदा तिथे कामाला येईल. ओडिशातल्या नीलाबती बेहेरांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात दगावला. त्यांचं पत्रच सुप्रीम कोर्टाने याचिका मानलं आणि १९९३ मध्ये दीड लाख देववले. आधार घेतला नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, तोही भारताने हरकत नोंदवलेल्या कलमाचा.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि त्या दोन रात्रींचे कपडे अजून धुतले नसतील, तर तसेच कागदी पिशवीत ठेवा.