नवा लेपर्ड गेको खातच नाही!
वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी मुलांसाठी लेपर्ड गेकोचं (पाळीव ठिपकेदार पालीचं) पिल्लू आणलं. दुकानात वजन 9 ग्रॅम भरलं होतं, तिथे ते मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) खायचं. घरी दोन फुटी फिश टँकमध्ये वाळू घातली, वर लाल बल्ब लावला आणि दहा रातकिडे सोडले. एकही खाल्ला नाही. दिवसभर कोपऱ्यात दडून असतं. मुलं संध्याकाळी हातावर घेतात तेव्हा मात्र पळतं. तोंड उघडून भरवावं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

मुळीच नाही. एवढ्याशा पिल्लाचा जबडा नाजूक असतो. जबरदस्तीने उघडला तर दुखावतो, आणि भीतीने ते पुढे आणखी चार दिवस अन्नाकडे बघणार नाही. भरवणं हे पशुवैद्याचं काम, तेही अगदी शेवटचा उपाय म्हणून. दिवसभर दडून राहण्याची मात्र काळजी नको. हा संधिप्रकाशात बाहेर पडणारा प्राणी आहे, दिवसा दिसला नाही तर सगळं ठीक चाललंय असं समजा.

आधी मुलांना थांबवा. पिल्लू सलग तीन-चार वेळा नीट खाईपर्यंत हातावर घेणं बंद. पुढेही जेवण झाल्यावर लगेच नको, कारण पोट भरलेलं असताना घाबरलं की ते खाल्लेलं उलटून टाकतं. टाकी टीव्ही आणि स्पीकरपासून लांब ठेवा आणि तिच्या तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा.

आता तापमान. आमच्याकडे येणाऱ्या अशा पत्रांतलं निम्मं दुखणं इथेच असतं. गेकोच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बसायची जागा कोमट नसेल तर पचन मंदावतं आणि भूकही मरते. त्याला उबदार बाजूला जमिनीचं तापमान 31 ते 33 अंश सेल्सिअस हवं आणि दुसऱ्या टोकाला 25-26. तुमचा लाल बल्ब हवा तापवतोय, पण फरशी किती तापली हे तुम्हाला माहीत नाही. शिवाय रात्री गेकोला पूर्ण अंधार लागतो. बल्ब काढा. टाकीच्या एका टोकाखाली, तळाचा तिसरा हिस्सा झाकेल एवढी हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) बसवा आणि ती थर्मोस्टॅटवरच, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रावरच, चालवा. थर्मोस्टॅटचा सेन्सर उबदार लपणाच्या (लपायच्या जागेच्या) आत, कागदाखाली जमिनीला टेकवून चिकटवा आणि आकडा 32 वर ठेवा. थर्मोस्टॅटशिवायची मॅट काच एवढी तापवू शकते की पोट भाजतं, आणि गेको वेळीच उठून बाजूला जाईल याचा भरवसा नसतो. टाकीच्या चार कोपऱ्यांखाली छोटे रबरी पाय लावा, म्हणजे मॅटखाली हवा खेळती राहील. टाकीला चिकटवायच्या पट्टीचे थर्मामीटर ते चिकटवलेल्या काचेचं तापमान सांगतात, गेको बसतो त्या जमिनीचं नाही. इथे वायरला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर हवा.

वाळू काढून टाका. पिल्लू किड्यावर झडप घालताना वाळूही गिळतं, ती आतड्यात साचते आणि रस्ता बंद होतो. साधा किचन टॉवेल पसरा. त्यावर विष्ठाही दिसते, आणि न खाणाऱ्या गेकोच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी बातमी. तपकिरी कांडी आणि सोबत पांढरा खडा असेल तर उत्तम. लपणं तीन लागतात : एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला आणि मधे ओलसर. ओलसर लपण म्हणजे झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत पिळून घेतलेला ओला टिश्यू. कात टाकताना पिल्लू त्यातच जाऊन बसेल. त्या दोन-तीन दिवसांत अंग फिकट पांढरट दिसतं आणि भूक नसते, तेव्हा घाबरू नका.

ते दहा रातकिडे आजच्या आज बाहेर काढा. रात्री ते गेकोची बोटं आणि शेपूट कुरतडतात, आणि अंगावरून चालत राहिले की पिल्लू लपणातून बाहेर यायलाच धजत नाही.

हा बदल केल्यावर तीन दिवस फक्त पाणी बदला. चौथ्या संध्याकाळी, दिवे मंद केल्यावर, दुकानात जे खायचं तेच द्या : बाटलीच्या झाकणाएवढ्या गुळगुळीत काठाच्या वाटीत तीन छोटे मीलवर्म. किड्याची लांबी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या आसपास असावी. वाटी लपणाच्या तोंडाशी ठेवा, खोलीतून बाहेर जा आणि सकाळी मोजा. नाही खाल्ले तर दुसऱ्या संध्याकाळी प्लास्टिकच्या चिमट्यात एक मीलवर्म धरून त्याच्या नाकापुढे दोन इंचांवर हळू हलवा. मागे सरकलं तर तिथेच थांबा. मीलवर्मचं डोकं चिमटून त्यातला रस ओठाच्या कडेला टेकवला की बरीच पिल्लं चाटतात, आणि चव लागली की पकडतात. एकदा खायला लागलं की महिनाभरात हळूहळू रातकिडे किंवा डुबिया झुरळं (खाद्य म्हणून विकली जाणारी झुरळं) वाढवा, कारण नुसत्या मीलवर्मवर वाढवणं बरं नाही. या वयात रोज 5-7 किडे पुरतात.

किड्यांना आदल्या दिवशी गाजर आणि ओट्स खाऊ घाला. द्यायच्या आधी पिशवीत साध्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवा. यूव्हीबी नळी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) नसेल तर आठवड्यातून दोनदा डी3 असलेली पूड वापरा. पानाचा चुना अजिबात वापरू नका. तो दाहक असतो, आणि तो द्यावा का असं आम्हाला खरोखर विचारलं जातं.

वजन दर रविवारी एकाच वेळी करा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा काटा तुमच्या कामाचा नाही, 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. पिल्लू डब्यात ठेवून डब्याचं वजन वजा करा. 8.1 ग्रॅमच्या खाली आलं, म्हणजे दहा टक्के घटलं, किंवा शेपूट बोटाने चिमटल्यासारखी बारीक झाली, डोळे खोल गेले, खाल्लेलं उलटलं किंवा विष्ठा पातळ झाली, तर वाट पाहू नका. ताजी विष्ठा बंद डब्यात घेऊन सरडे-पालींसारखे वेगळे (एक्झॉटिक) पाळीव प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे जा आणि परजीवी तपासायला सांगा. जवळपास कोणी नसेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

प्रश्न : पावसाळ्यात घरातली दमट हवा गेकोला बाधते का? मॅट लावूनही तो सुस्त आहे. (नेरुळ, नवी मुंबई)

बाधते. हा कोरड्या, खडकाळ मुलखातला प्राणी. त्याला 30 ते 50 टक्के आर्द्रता पुरते. आपल्याकडे जुलैत ती सहज 80 च्या वर जाते. काचेचं झाकण काढून अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचं बसवा, कागद दोन दिवसांनी बदला, पाण्याची वाटी लहान आणि थंड बाजूला ठेवा. ओलसर लपण या दिवसांत जेमतेम ओलं असलं तरी पुरे. एसी असेल तर ड्राय मोडवर काही तास चालवा, पण झोत टाकीवर येऊ देऊ नका. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा, फुफ्फुसाला संसर्ग झालेला असू शकतो.

सुस्तीचं कारण मात्र मॅट चालू-बंद होण्यातही असेल. वीज वारंवार जात असेल तर थर्मोस्टॅटचा आकडा परत आल्यावर कायम राहतो का ते पाहा. स्वस्त यंत्रं तो विसरतात. दोन-तीन तासांची वीज गेली तर इथल्या हवेत काही बिघडत नाही. मे महिन्यात उलटंच होतं : खोलीच 34 अंशांवर गेली की थंड बाजू उरत नाही. तेव्हा मॅट बंद ठेवा आणि टाकी खिडकीतून हलवून घरातल्या सगळ्यात गार जागी, जमिनीलगत ठेवा.

प्रश्न : घरातली झुरळं, पतंग किंवा भिंतीवरच्या पालीची पिल्लं दिली तर चालतात का? (कळवा)

नाही. इमारतींत झुरळांवर औषध फवारलेलं असतं आणि पालींमधून परजीवी येतात. काजवे तर विषारीच, एकानेही गेको मरू शकतो. मीलवर्म फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात काही आठवडे राहतात, त्यामुळे महिन्याची खरेदी एकदम करता येते. रातकिडे मात्र फ्रिजमध्ये मरतात. ते जाळीच्या डब्यात, अंड्यांच्या कागदी ट्रेवर, कोरड्या जागी ठेवा. गेको किंवा त्याची टाकी हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात गेको देऊ नका.